खाली कोण उभं राहणार

…ऐकलं रे यूसो, दोनदा ऐकलं. मोटरच्या पाटीवर पाचशे अँपिअर लिहिलंय आणि मी ब्रेकर ठेवलाय चारशे वीसवर, हेच ना? बरोबर वाचलंस. बस आधी. अजून बराच वेळ ती मोटर सुरू करायची नाही, ब्रेकर पडला की तिला थंड होऊ द्यावं लागतं — मॅनेजर तू असशील, पण तांबं काही तुझ्या हाताखाली नोकरीला नाही. कॉफी घे. तो वेलचीचा पाव पण घे, कालचा आहे, पण बुडवला की चालतो. वर लाकूड कापायचं थांबलंय, ओंडके बाहेर बर्फात पडलेत आणि तुझा फोन वाजतोय — वाजू दे. कागद गिरणीवाल्यांना नेहमीच घाई असते.

हं, तर ब्रेकर. तुला वाटतं तो मोटरसाठी आहे. सगळ्यांनाच वाटतं. तो केबलसाठी आहे, बाबा. सुरू होताना मोटर सहापट ओढते — ओढू दे की, ब्रेकर तेवढं पोटात घालतो, काही सेकंदांचा मामला. त्याला चालत नाही ते थोडंसंच जास्त, पण सतत, थांबायचं नावच नाही असं. आज सकाळी तुझ्या लोकांनी गोठलेलं जाडं लाकूड भराभर टाकलं, मोटर चढली ती चढूनच राहिली, आणि हा पडला. मग बिघडलं काय? त्याने त्याचं काम केलं. केबल चारशे वीस सोसते, जास्त नाही. पूर्वीची मोटर लहान होती, केबल तिच्या मापाने घातलेली. ती मोटर जळली, मग ही मोठी आणली — केबल मात्र तीच. पुढच्या उन्हाळ्यात बदलू म्हणाले.

कोण म्हणजे? पेन्त्ती. तुझ्या आधीचा, तुझ्याच खुर्चीत बसायचा. माणूस वाईट नव्हता, नाही म्हणजे नाहीच. आता आमच्याकडे एक रीत आहे, तुला कोणी सांगितली नसेल — ज्याने सेटिंग वाढवलं त्याने पहिल्यांदा मोटर सुरू होताना स्वतः खाली तळघरात जायचं, केबलपाशी. हात लावून बघायचा, वास घ्यायचा, मोटर पूर्ण भारावर असेपर्यंत हलायचं नाही. जुनी माणसं म्हणायची, मग कोणी उगाच वाढवत नाही. तर पेन्त्तीने वाढवलं. पाचशे केलं, शुक्रवारपर्यंतच रे म्हणाला — आणि खाली पाठवलं आन्तेरोला. तू जा, तुला खालचं माहितीय. आन्तेरो म्हणजे माझा धाकटा भाऊ. जातो की, म्हणाला. त्याला नाही म्हणताच यायचं नाही, लहानपणापासून. मी त्या आठवड्यात रानात होतो, शिकारीला. ऑक्टोबरात सगळं गावच जातं.

केबलला मधोमध एक जोड होता. तोच आधी पेटला. आग मोठी नव्हती रे, धूर — केबलच्या वरच्या आवरणाचा धूर, तो काळा, छातीत बसणारा. आन्तेरो दाराजवळच सापडला. मला निरोप आला तेव्हा मी जनावर सोलत होतो. हात धुतले आणि आलो. रडलो का, विचारतात लोक. नाही रडलो. अजून नाही. खरं सांगू, काही वाटतच नाही — शनिवारी सॉना तापवतो, वरच्या फळीवर बसतो, घाम येतो, संपलं. त्याची बायको ओरडली माझ्यावर, दगड आहेस म्हणाली. असेन.

नवी केबल? आणली ना. गोदामात होती ती. त्याच जाडीची. लवकर सुरू करायचं होतं सगळ्यांना. मी ब्रेकर खाली आणला चारशे वीसवर, आणि त्यानंतर कोणी हात लावला नाही त्याला. कारण सोमवारी मोटर सुरू होते तेव्हा मी खाली असतो. दर सोमवारी. सेटिंग वाढवलेलं नसलं तरी? हो, नसलं तरी. कोणी गुपचूप वाढवलंच, तर खाली मी, हा ऑस्मो, उभा आहे एवढं त्यांना माहीत असावं — असं आपलं मी सांगतो लोकांना. आणि बरंही वाटतं तिथे. केबलवर हात ठेवतो, गाईच्या पोटासारखी कोमट असते. आठवडाभरात हाताला जाणवतं ते तेवढंच. एखाद्या सोमवारी वाटतं, आज जरा जास्त तापली तर — जाऊ दे. कशाला सांगत बसलोय तुला.

तर, वाढवायचंय? वाढव. स्क्रूड्रायव्हर तुझ्या कपाशेजारीच आहे. दिवा त्या खुंटीवर, कपाळाला बांधायचा, जिना डाव्या हाताला… काय म्हणालास? मी जाऊ? मला खालचं माहितीय म्हणून?

जातो की. नाही रे, रागावलो नाही. थांब, दिवा बांधू दे. तू पाचशेवर फिरव, मोटर थंड झाली की मी खाली जातो, पोचलो की वर येणाऱ्या पाइपवर ठोकेन, मग वरच्यांना बटण दाबायला सांग. घरी कोणी वाट बघत नाही, तो प्रश्न नाही. असा बघतोस काय? फिरव ना. उजवीकडे — उजवीकडे वाढतं. हात स्थिर ठेव, लहान आहे ती खाच.

स्क्रूड्रायव्हर ठेवलास? … खाली ठेवलास. बरं. नाही, बरं म्हणतोय ना. मग लाकूड बेताने टाका म्हणावं त्यांना, आणि जाड केबल तू मागव, तुझ्या नावाने. मी आपला दिवा उगाच बांधला. जा आता, यूसो. दार ओढून घे, थंडी येते. नको, दिवा राहू दे. काढतो मी नंतर.