तीन कुंड्यांतला खरा गुलाब

सासू : दूध उतू जायच्या आधी हिचं तोंड उतू जातं. हल्ली वासावासाची बातमी देते. ‘आई, करपतंय हं. आई, गॅस चालू राहिलाय हं.’ जसं काही माझं नाक गहाण पडलंय.

सून : यांना पाणी आणू का?

रोपवाला : नको वहिनी. आजी, या तीन कुंड्या तीन बागांतल्या. तिन्ही मालक म्हणतात, तुमच्याकडचा तो जुना गुलाब हाच. तुमचं झाड गेल्या उन्हाळ्यात वाळलं. आता वासावरून ओळखणार कोण? तुम्ही बोट ठेवाल त्याची उद्या शंभर कलमं बांधतो. वहिनींना ठाऊक नाही ना वास?

सासू : हिला? झाडाजवळ फिरकू दिलं नव्हतं मी. हात लावील तिथं माती. आणा इकडे. हं. पहिलाच. हाच.

रोपवाला : आजी, हा बिनवासाचा आहे. पारख व्हावी म्हणून मुद्दाम ठेवला होता.

सासू : हाच म्हणजे हाच आधी उचला. या वयात मला परीक्षेला बसवता?

रोपवाला : चुकलं. हे उरलेले दोन.

सून : आई, तुम्हीच सांगता ना, खऱ्याचा कळीखालचा देठ बोटांना चिकटतो?

सासू : ...सांगते तर. नुसतं हुंगून काय होतंय, लोक अत्तर शिंपडूनही आणतील. हा कोरडा. हा... हा चिकटला. हाच घ्या.

रोपवाला : मलाही याचाच वास वेगळा वाटला होता.

सासू : मग मला कशाला उठवलंत?

(रोपवाला कुंड्या घेऊन जातो. फाटक लागतं.)

सासू : देठाचं मी कधी सांगितलं होतं?

सून : कधीच नाही. कुंड्या आत घेताना त्या तिसऱ्याचा वास आला, आणि देठ हाताला चिकटला. वास कसा सांगणार? देठाचं सांगितलं.

सासू : माझं नाक गेलंय, हे कधी कळलं तुला?

सून : त्या मोठ्या तापानंतर.

सासू : कुणाला बोललीस?

सून : नाही. म्हणून तर करपलं, गॅस राहिला की मीच ओरडत असते.

सासू : आणि हा वास? तो कुठून ठाऊक तुला?

सून : तुम्ही आंघोळीला गेलात की जात होते झाडाजवळ.

सासू : किती दिवस?

सून : अकरा वर्षं.

सासू : चोरटी आहेस. पण नाक खरं आहे तुझं. यापुढे कुणी विचारायला आलं तर तू सांगायचं. मी हो म्हणेन.