वजनदार पॉवर सप्लाय

गेम खेळायचा कॉम्प्युटर बनवून राह्यले असाल, तर पॉवर सप्लाय हातात तोलून घेऊ नका बाप्पा. आमच्या गजूनं घेतला होता.

गजू केळझरचा. घरची भाजी वर्ध्याच्या बाजारात विकते अन् घरी गेला की गेम खेळते. त्यानं भारीतलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते लय वीज ओढते, म्हणून पॉवर सप्लायबी तसाच दमदार लागते. दुकानदारानं पॉवर सप्लायचे दोन डबे समोर ठेवले. म्हणे, "वॅट दोन्हीवर सारखेच लिहून आहेत, पण हा कंपनीचा घ्या, वॉरंटी आहे."

गजूनं दोन हातात दोन डबे धरले. "हा दुसरा वजनदार हाये. यातच माल हाये."

मी म्हटलं, "अबे, फुलकोबी घेऊन राह्यला काय?"

"वजन खोटं नाई बोलत," तो म्हणे.

घरी पह्यलाच मोठा गेम लावला अन् भस्सकन धूर निघाला. कार्डबी जळलं. आम्ही तो डबा खोलला, तर आत लोखंडाची पट्टी स्क्रूनं कसून ठेवली होती. नुसती वजनासाठी. गजूनं ती पट्टी काढून हातावर तोलली. पट्टीकडं पाहतच राह्यला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात त्याच्याजवळ बसलो होतो. एका बाईनं फुलकोबी मागितली. एरवी तो पाल्यासकट, दांड्यासकट काट्यावर ठेवते. त्या दिवशी त्यानं आधी इळ्यानं जाड दांडा छाटला, मग तोलली.

"काऊन बे? वजन कमी भरते ना."

त्यानं मान वर नाई केली.

"डबा बनवणाऱ्यानं लोखंड भरलं," म्हणे, "अन् मी दांडे तोलून राह्यलो होतो."