कॅमेरा सरळच होता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या छायाचित्रण वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी आणि आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना इथे ‘सर’ म्हणायचं असं मी घरून ठरवून आले आहे, पण तोंडातून ‘काका’च येणार, अशा सर्वांना माझा नमस्कार.

कौतुकाकडे वळण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. गेल्या महिन्यात प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी काकांच्या ‘जिना’ या, आपल्याच इमारतीच्या मागच्या जिन्याच्या छायाचित्राबद्दल बोलले. चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे जाणारा कठडा, आणि वर तिरका उतरत गेलेला सज्जा. मी म्हटलं, “सरांनी इथे मुद्दाम कॅमेरा कलता धरला आहे.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते विधान चुकीचं होतं.

त्या रात्री जेवताना काकू म्हणाली, “कलता? ह्यांनी? अगं, आमच्या लग्नात फोटोग्राफर वाकडा उभा होता, तर ह्यांनी मुंडावळ्या सावरत जाऊन त्याचा कॅमेरा सरळ केला!”

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी ताटातला चमचा सरळ ठेवला आणि म्हणाले, “मी कलता धरला नव्हता. तो कलला. हात गेला आता माझा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना निवृत्तीचं कळवलं. आजच्या या समारंभाचं मूळ ते आहे, आणि ते मला इथे सांगायलाच हवं.

मी तिरकी रेघ शिकले ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काका काडेपेटीच्या रिकाम्या टरफलाची चौकट करून त्यातून मला बघायला लावायचे. म्हणायचे, “आडवी रेघ नजरेला बसवते, उभी थांबवते, तिरकी चालायला लावते. पण ती तिरकी कशी आणायची?” मी टरफल कलतं करायचे. डोक्यात टपली बसायची. “टरफल नाही गं, तू सरक! रस्ता समोरून बघितलास तर रस्ता, कोपऱ्यावर जाऊन बघितलास तर तिरका. जग जागेवर राहू दे.” तुमच्यापैकी किती जणांनी ही टपली खाल्ली आहे? हात वर करा. अहो, पाहुण्यांनीसुद्धा? बरं.

तर असा माणूस कॅमेरा कलता धरेल का? मला झोप येईना. मी स्वभावानेच अशी आहे, गॅस बंद केला का हे बघायला दोनदा परत जाणारी. परवा शुक्रवारी ते छायाचित्र पुन्हा टेबलावर घेतलं. त्यात सज्ज्याच्या शेजारी एक दिवा वायरीला लोंबतो आहे. कॅमेरा कलला असता तर चौकटीत ती वायरही कललेली दिसली असती. ती चौकटीच्या उभ्या कडेला अगदी समांतर आहे. मी पट्टी लावून बघितलं.

म्हणजे हात सरळ होता. मग तिरकं काय होतं?

मी इथे आले, मागच्या जिन्याने वर गेले आणि सज्ज्यावर पेन्सिल ठेवली. ती घरंगळत कठड्याखालून खाली पडली. सज्जा भिंतीपासून बोटभर सुटला आहे. रोज चढणाऱ्या आपल्यापैकी कुणाला ते दिसलं नाही, आणि छायाचित्रात दिसलं तेव्हा आपण सगळे रचनेवर बोलत बसलो. फोटो वाकडा आला की आपल्यासारखी माणसं आधी फोटोग्राफरच्या हाताकडे बघतात.

काकांना सांगितलं. त्यांनी फोटोतल्या वायरीला स्वतः पट्टी लावून बघितली. “म्हणजे हात आहे,” म्हणाले. आणि लगेच, “हात राहू दे. पोरं चढतात त्यावरून. तू आधी जिना बंद कर.”

अध्यक्ष महोदयांना मी काल फोन केला. ते म्हणाले, “अगं, पाहुणे ठरलेत, नवी तुकडी सुरू होतेय. समारंभ होऊन जाऊ दे, मग सावकाश बघू.” महोदय, राग मानू नका. समारंभ होतोच आहे. पण मागच्या जिन्याला जी फुलांची दोरी बांधली आहे ती सजावट नाही. ती मी बांधली आहे. कृपया कुणी ओलांडू नका.

आता आपल्या प्रथेचं. निरोपाचा फोटो जिन्यावर, पायरीला एक माणूस, अशी तिरकी रांग करून निघतो. आज तो अंगणात निघेल. पुढचे जमिनीवर बसतील, मधले खुर्चीवर, मागचे उभे, आणि उंच मंडळी बाकावर. रांग तिरकीच येईल. मी कोपऱ्यात सरकून उभी राहीन.

जिना बंद आहे तोवर नव्या तुकडीचा वर्ग आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरेल. काकूची परवानगी घेतली आहे. चपला मात्र ओळीत काढा, तिथे तिरकी रेघ चालत नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सत्काराच्या भाषणात सत्कार कमी आणि जिनाच जास्त झाला असेल, मोठ्यांसमोर शब्द अधिक-उणा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

शेवटचं एवढंच. वर्गाच्या किल्ल्या आज मला देण्याचं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. त्या मी आज घेणार नाही. उद्या इमारत तपासायला मी बोलावलेले इंजिनिअर येत आहेत. त्यांना सज्ज्याचे फोटो लागतील, आणि ते कॅमेरा जराही न कलता काढलेले लागतील. असा हात आपल्याकडे एकच आहे. काका, कॅमेरा मी चार्ज करून ठेवला आहे. उद्या, सोमवारी, सकाळी आठ वाजता.