लोड्याचं खाणं आणि ह्यांची खुर्ची

...अहो, तिथं नको! तिथं नको म्हणते ना! कुठंही बसा, स्टुलावर बसा, गादीवर बसा, जमिनीवर मांडी घातलीत तरी माझी हरकत नाही, पण ती खिडकीजवळची वेताची खुर्ची सोडून. का म्हणजे? तेच तर मघापासून सांगतेय, पण ऐकून घेतंय कोण? लोक येतात, "म्हातारीला भ्रम झालाय" म्हणतात, चहा पितात आणि जातात. अहो, भ्रम व्हायलासुद्धा रिकामपण लागतं. मला कुठाय रिकामपण? दारात मोडक्या खुर्च्यांची ही रांग बघा!

तुम्हाला सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलं ते फक्त तिथल्या खुर्च्या विणायला गेले तेव्हा. वाचायला शिकले ते जुन्या गाद्यांच्या पोटात कोंबलेल्या वर्तमानपत्रांवर, आणि विणायला शिकले ते दुसऱ्यांच्या खुर्च्या उसवून. गुरू नाही, क्लास नाही, कुणाच्या उपकाराचं ओझं नाही. आज कुठलीही खुर्ची आणून ठेवा, तिची बैठक बघून माणूस सांगते. झोळ पुढं पडला असेल तर माणूस घाईचा, मागं पडला असेल तर आळशी, आणि मधोमध पडला असेल तर एकटा. आमच्या ह्यांच्या खुर्चीला झोळ डावीकडं पडायचा. डाव्या कुशीवर रेलून बसायचे ना, उजवा हात ताटासाठी मोकळा राहावा म्हणून! काय जेवायचे हो... देवमाणूस म्हणत नाही मी, माणूस म्हणते, पण जेवणारा! जेवण झालं की ह्यांचं पोट बोलायचं. गुर्रर्र, गुडगुड, बुडुक्. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझ्या वन्सं, ह्यांची धाकटी बहीण, लग्न न करता आमच्याकडंच राहिलेल्या, आम्ही पोटाशीच बोलायचो. "झालं का?" म्हटलं की पोट म्हणायचं, "गुडुक्." असं!

तर हे गेले. जाण्याआधी एक पिल्लू आणून ठेवलं होतं घरात. ते पोलिसांकडं असतात ना, उभ्या कानांचे, लांब तोंडाचे, तसलं. पिल्लू असताना गाद्यांवरच्या लोडासारखं गोल होतं, म्हणून लोड्या. हे गेल्यावर मी काय केलं, त्या खुर्चीचा जुना वेत कापून काढला आणि नवीन घट्ट विणला. टिचकी मारली की टण्ण वाजेल असा. वन्सं रडल्या. "वहिनी, दादाची खूण पुसलीत हो!" म्हटलं, खूण पुसली नाही, खुर्ची दुरुस्त केली. दोन्हींत फरक आहे.

आणि मग लोड्यानं खायला सुरुवात केली.

खायला म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाही! भात खायचा, मटण खायचा, अंडी टरफलासकट, लाकूड चिकटवायचा सरस ढवळायची काडी चाटायचा, गादीचा काथ्या खायचा, आणि... आता जेवणखाण झालंय ना तुमचं?... स्वतःचीच घाणसुद्धा खायचा हो! इतकी भूक! आणि रोज बारीक. फासळ्या मोजाव्यात अशा. पाठीचा कणा वर आला, केस राठ झाले, जबड्यावरची कातडी लोंबायला लागली. मी म्हणते, अहो, एवढं खातो, ते जातं कुठं?

मी काही हातावर हात ठेवून बसणारी नाही. म्हटलं, जंत. जंताचं औषध दिलं. जंत नव्हते. म्हटलं, कस कमी पडतोय, तर भातात लोण्याचा गोळा घालायला लागले, मोठा, ह्यांना घालायचे तेवढा. तर काय झालं? आणखी बारीक! आणि अंगणात जे ढीग पडायला लागले... पिवळट, पांढुरके, तेलकट, वरती चकाकी आणि वास असा की वरच्या मजल्यावरचे मास्तर नाकाला उपरणं लावून खाली आले. "बाई, ह्या घरात काही... कुजलंय का?" म्हटलं, मास्तर, कुजलं असतं तर समजलं असतं. इथं खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येतंय! मास्तर म्हणाले, "आणि तो आवाज कसला? भर दुपारी माझ्या फरशीखालून कुणीतरी बोलतं."

हां. तो आवाज.

दुपारची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही, मी वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातलेल्या, वन्सं वाटीतले मणी ओवत बसलेल्या, आणि कोपऱ्यातून... गुर्रर्र. गुडगुड. बुडुक्. वन्संच्या हातातली वाटी पडली. मणी सगळ्या घरभर. "वहिनी... दादा!" मी म्हटलं, लोड्याचं पोट आहे ते. आणि होतंच लोड्याचं पोट. कान लावून बघितलं ना मी! पण आवाज, तुम्हाला सांगते, आवाज हुबेहूब ह्यांचा. तोच सूर, तीच मध्येच घेतलेली उसंत, शेवटचं ते बुडुक्सुद्धा! वन्सं उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि कुत्र्यापुढं वाकून विचारलं, "दादा, भूक लागली का रे?" आणि पोट म्हणालं, "गुडुक्."

झालं! त्या दिवसापासून वन्संना खात्री. लोड्या खातच नाही, म्हणे. दादाच जेवतो लोड्याच्या तोंडानं. म्हणून लोड्याच्या अंगी लागत नाही. मी म्हटलं, वन्सं, डोकं ठिकाणावर ठेवा. एवढं खातो, ते जातं कुठं हे शोधू आपण. तर वन्सं बोट दाखवून म्हणाल्या, "तिकडं बघा ना, वहिनी."

मी बघितलं.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे आणि धंद्यात मी खोटं बोलत नाही. त्या खुर्चीला झोळ पडला होता. मी स्वतः विणलेला, कुणीही न बसलेला, टण्ण वाजणारा वेत... खाली आला होता. लोड्या बसला असेल म्हणता? लोड्या तिच्यावर कधी चढत नाही. समोर बसतो, खुर्चीकडं बघतो, आणि मग जेवतो. ओलीनं सैल पडला असेल म्हणता? ओलीनं वेत सगळीकडून सारखा सैल पडतो, एका बाजूनं नाही. हा झोळ डावीकडं होता. आणि जसजसा लोड्या हलका होत गेला, तसतसा तो खोल होत गेला. मी टिचकी मारली. थप्. भरल्या पोटावर मारावी तसा आवाज.

माझ्या अंगावर काटा आला, कशाला लपवू? पण काटा आला म्हणून काय कुत्रं मरू द्यायचं? मी लोड्याला उचललं. उचलला गेला हो! एवढं मोठं जनावर, रिकाम्या टोपलीसारखं! आणि गेले थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं. वयानं लहान, बोलायला झरझर, पण हात शांत. लोड्याला बघून म्हणाल्या, "आजी, उशीर केलात. आणखी असंच चाललं तर हा राहणार नाही." मी विचारलं, जेवढं खातो ते जातं कुठं तेवढं सांगा. त्या हसल्या. "बाहेर जातं, आजी. पोटाजवळ स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिच्यातून पाचकरस येतात. ह्या जातीच्या कुत्र्यांत कधी कधी ती ग्रंथी सुकून जाते. रस नाही, म्हणजे अन्न फुटत नाही, फुटत नाही म्हणजे रक्तात जात नाही. भरलेल्या ताटासमोर उपाशी मरतंय बिचारं. पण नक्की कळायला रक्त तपासावं लागेल. उद्या रात्रभराचा उपाशी आणा. एक घास नको!"

एक घास नको, ऐकलंत ना तुम्ही? वन्संनीही ऐकलं, सोबतच होत्या की. दुसऱ्या दिवशी लोड्या टेबलावर उभा, पायाचे केस कापलेले, सुई तयार, आणि बाई विचारतात, "उपाशी आहे ना?" मी छाती काढून म्हणते, "पाण्याशिवाय काही नाही!" आणि लोड्या... भळ्ळकन ओकला. टेबलावर. आख्खा भात. त्यात लोण्याचा गोळा, न विरघळलेला! मी वन्संकडं बघितलं. वन्सं भिंतीकडं. "मी लोड्याला कुठं दिलं?" म्हणे. "मी खुर्चीपुढं ठेवलं. दादाला उपाशी ठेवायचं कुठं सांगितलं होतं बाईंनी?" तेवढ्यात पोट बोललं, गुर्रर्र, गुडगुड, आणि वन्सं दबक्या आवाजात, "दादा, गप्प बस, लोक आहेत!" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की रक्त आधी कुणाचं तपासावं!

पुन्हा उपास. त्या रात्री वन्संची खोली मी बाहेरून कडी घालून बंद केली, हो, केली! रक्त दिलं, उत्तर आलं. बाई म्हणाल्या तेच. ग्रंथी काम करत नाही. बरी व्हायची नाही, पण सांभाळता येईल. जन्मभर, प्रत्येक घासाबरोबर पाचकरसाची पूड. विसरायचं नाही, "आज थोडंसंच खाल्लं, चालेल" म्हणायचं नाही. लोणी बंद! माझा गोळा गेला हो कचऱ्यात. थोडं थोडं, पचायला हलकं, दिवसातून चारदा. आणि रक्तात एक जीवनसत्त्व कमी झालंय, त्याची इंजेक्शनं.

घरी आणली पूड. कोमट भातात कालवली, बाईंनी सांगितलं तसं थोडा वेळ ठेवली. आता हे बघा तुम्ही एकदा, मग मला भ्रमिष्ट म्हणा. वाडगा समोर. कुणी तोंड लावलेलं नाही. लोड्या दाराबाहेर. आणि आतलं अन्न... हलायला लागतं. कडा मऊ होतात, मांसाचा तुकडा खचतो, भाताची शितं एकमेकांत मिसळतात, जसं काही अदृश्य तोंड सावकाश चघळतंय. वन्संनी हात जोडले. मला माहीत होतं ती पूड काम करतेय, बाईंनी समजावलं होतं, पण तुम्हाला सांगते, माहीत असणं वेगळं आणि दुपारच्या शांततेत त्या वाडग्यासमोर बसणं वेगळं.

पण मी वाडगा उचलला आणि खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, अहो, ऐकताय का? जिवंतपणी माझ्या ताटातलं उचललंत, मी बोलले नाही. बहिणीच्या वाटचं खाल्लंत, तीही बोलली नाही. पण मुक्या जनावराच्या तोंडचा घास? लाज नाही वाटत? तुम्हीच आणलंत त्याला, आणि तुम्हीच खाताय? हा वाडगा लोड्याचा. ह्याला हात लावलात तर वेत काढून पत्रा ठोकेन खुर्चीला!

मास्तर जिन्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. तेव्हापासून मला बघून आधी नमस्कार करतात.

आणि लोड्या भरायला लागला! आधी ढीग लहान झाले, घट्ट झाले, वास गेला. मग पाठीचा कणा मांसाखाली झाकला गेला. मग केस मऊ. डॉक्टरीणबाई काट्यावर उभा करायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. आणि पोट? पोट गप्प! अगदी गप्प. कान लावला तरी नुसतं हृदय, धप् धप्. मी जिंकले हो! एवढं खातो, ते जातं कुठं? लोड्यात! जिथं जायला हवं तिथं! मी त्या आनंदात खुर्चीला टिचकी मारली, आणि ती वाजली... टण्ण.

वेत परत ताणला जात नसतो. चाळीस वर्षं विणतेय, एकदा झोळ पडला की पडला. पण वाजली.

मी म्हटलं, सुटलो. वन्सं मात्र येता-जाता खुर्चीकडं बघायच्या. आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी, लोड्या बाहेर अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर, शेपटी हलवत, मास्तरांची चप्पल पळवत होता... आणि आतून आवाज आला. गुर्रर्र.

मी वन्संकडं बघितलं. वन्सं माझ्याकडं. "नळ असेल," मी म्हटलं. "नळ मागच्या अंगाला आहे, वहिनी." गुडगुड. रिकाम्या पोटाचा आवाज होता हो, भरल्याचा नाही. बायकोला फरक कळतो. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग अगदी बारीक, ऐकलं तर ऐकलं असं, विचारल्यासारखं... बुडुक्?

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी उठले. दुसरा वाडगा घेतला. भात घातला, खुर्चीपुढं ठेवला. लोड्या आत आला, त्यानं वास घेतला, आणि मागं सरकून बसला. तोंड लावत नाही त्या वाडग्याला! तपासून बघा, त्याचं वजन काट्यावर हवं तेवढंच आहे. आणि संध्याकाळी वाडगा लख्ख रिकामा. वन्संनी खाल्लं म्हणता? वन्संच्या तोंडात दात किती आहेत ते मोजून या! चार दिवस वाढलं, तर वाडगा रोज रिकामा आणि पोट रोज गुडगुडतंच. टिचकी मारली तर अजून टण्ण. म्हणजे ह्यांनाही अंगी लागत नाही!

मग माझ्या डोक्यात आलं. अहो, त्यांची तरी ग्रंथी आता कुठं राहिलीय?

हळू बोला, आत्ताच ह्यांच्या भातातही पूड कालवून वाढलंय. ऐका... ऐकू येतंय? नाही ना? पूड लागू पडली बघा.

मी मेली आशेवर होते, जन्मभर ह्या माणसाला वाढलं, गेल्यावर तरी सुटेन. आणि आता बघा... वाढायचं तर आहेच, वर पचवूनसुद्धा मीच द्यायचं!