बाबांचे दोन दात

उल्का : बाबा, चष्मा काढू नका. लेसर चालू असताना तो डोळ्यांवर हवाच.

रंगनाथ : चौतीस वर्षं दात कोरले मी या विश्रांतवाडीत. एकालाही गॉगल घालून बसवलं नाही. दवाखाना आहे का महाबळेश्वर?

उल्का : दवाखाना आता तुमच्या लेकीचा आहे आणि आज पेशंट तुम्ही आहात. आ करा.

(लेसरची टकटक बराच वेळ चालते, मग थांबते.)

उल्का : झाला एक. चूळ भरा. दुखलं?

रंगनाथ : नाही. गार पाण्याची पिचकारी मारल्यासारखं वाटलं. पण वेळ किती! तेवढ्यात ड्रिलनं मी दोन दात केले असते.

उल्का : केले असतेत, कबूल. हे मशीन सावकाशच चालतं. आणि खालच्या दाढेला ड्रिलच लागणार. तिच्यात जुनी चांदी भरलेली आहे, चांदीवर लेसर चालवत नाहीत. थांबा, इंजेक्शन भरते.

रंगनाथ : काही नको. एवढ्याशा कामाला मी कधी कोणाला सुई टोचली नाही. 'काही होत नाही' म्हणायचं आणि सुरू करायचं.

उल्का : बाबा, हट्ट करू नका.

रंगनाथ : कर गं तू सुरू.

उल्का : बरं... अहो, थांबले, थांबले! बंद केलं मशीन. मनगट सोडा माझं.

रंगनाथ : इतकं दुखतं?

उल्का : कीड खोल असली की दुखतं.

रंगनाथ : मग मला कोणी बोललं कसं नाही?

उल्का : तोंडात ड्रिल असताना कसं बोलणार? आणि नंतर तुमच्यासमोर कोणाची हिंमत?

रंगनाथ : गोदाबाई आठवते तुला? चौकात भाजी घेऊन बसायची. खुर्चीत तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हणालो, 'बाई, नाटकं पुरे.' परत आलीच नाही ती.

उल्का : बाबा, तुमचा हात हलका होता. आळंदीहून माणसं यायची तुमच्याकडे.

रंगनाथ : असेल हलका. पण दुखतंय का, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

उल्का : आता देऊ सुई?

रंगनाथ : दे. हळू दे मात्र.

उल्का : हळूच देते. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.

रंगनाथ : हे सगळ्यांना सांगतेस?

उल्का : प्रत्येकाला. ओठ जड झाला? मग आ करा... थोडंसंच राहिलंय... हं, झालं. उठा सावकाश.

रंगनाथ : गोदाबाई अजून बसते का गं चौकात?

उल्का : सून बसते. म्हातारी असते शेजारी.

रंगनाथ : जाऊन येतो.

उल्का : आत्ता? अहो, तोंड बधिर आहे तुमचं. दोन तास धड बोलता यायचं नाही.

रंगनाथ : बरंच आहे. तिला बोलू देईन.