लाइटबिलावरचं नाव

जुन्नरच्या एसटी स्टँडवर तळेघरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"काय भिमाजी, नारायणगावच्या खोल्या इकल्या का न्हाई?"

"कुठल्या इकतोय! आज तिसरं गिऱ्हाईक माघारी गेलं."

"का? हायवेला लागून तर हायेत."

"जागा आवडली त्याला. लाइटबिल दाखवा म्हणला. त्याच्यावर भाडेकऱ्याचं नाव."

"मीटर त्याच्या नावावर कुणी करून दिला?"

"मीच. पोराच्या शाळेला पत्त्याचा पुरावा पायजे म्हणून मागं लागला व्हता. दिली सही करून."

"आन करारनामा?"

"आरं यमाजी, माझ्या सासरवाडीचा माणूस हाये तो. त्याच्याकडं कसला करारनामा मागू?"

"मग खाली कर म्हणावं सरळ."

"म्हणलं की. मला म्हणतो, कोर्टात जा."

"वहिनींनी तरी सांगावं त्याला."

"ती म्हणती, माझ्या माह्यारात मला तोंड दाखवायची सोय ठेवा."

"आज घरात व्हता का तो?"

"न्हाई, बायको व्हती. गिऱ्हाइकाला खोल्या दाखवाव्यात म्हणून चपला काढून आत चाललो, तर दारात आडवी आली."

"भांडली?"

"भांडली असती तर बरं झालं असतं राव. लई गोड बोलली. म्हणली, पावणं, ओट्यावरच बसा, पाणी आणते."

"मग?"

"बसलो. पाणी प्यालो. बांधकाम चालू व्हतं तवा त्याच ओट्याला एकवीस दिवस पाणी मारलंय मी."