सातव्या घडीवरचा खिसा

ताई: हे निळं कापड कुठून आणलंस?

धाकटा: हात लावू नकोस, खळ ओली आहे. आधी सगळं पुस्तक बघ. पंख्यासारखं उलगडतं. परवा आईच्या सत्तरीला तिच्या मांडीवर ठेवायचं. पहिल्या घडीवर बाबांची शाळा, मी रंगवलीय. दुसरीवर फोटो. तिसरीवर त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यातून काढलेली...

ताई: कापड, म्हणते मी.

धाकटा: बाबांचा शर्ट. तुझ्या कपाटातला. भाऊजींनी काढून दिला.

ताई: गाठ मारलेल्या पिशवीतला?

धाकटा: तोच.

ताई: आणि धुतलास.

धाकटा: धुवावाच लागतो गं. तसाच लावला तर खळीने आटतो, पान वाकडं होतं. वीस वर्षं पुस्तकं बांधतोय मी. ताई? काय झालं?

ताई: बाबा गेल्यापासून ती गाठ सोडली नाही मी. दोन वर्षं. वास उडून जाईल म्हणून. कपाट उघडायचे, पिशवीवर हात ठेवायचे, पुन्हा लावून टाकायचे. आणि तू साबणात बुचकळून काढलास.

धाकटा: मला कुणी सांगितलं नाही.

ताई: सांगण्यासारखं होतं का ते? पन्नाशीला आलेली बाई बापाचा शर्ट जपून ठेवते, वासासाठी?

धाकटा: चुकलंच माझं. कापड दिसलं की हात आपोआप नळाकडे जातो... थांब, थांब. खिसा नाही धुतला. त्यावर लाल पेनाचा डाग आहे ना, शाई सगळीकडे पसरली असती. म्हणून आधीच उसवून ठेवला, सातव्या घडीसाठी. हा घे.

(ताई खिसा नाकाशी धरते.)

धाकटा: येतोय?

ताई: नाही रे. नुसती शाई.

धाकटा: नीट बघ.

ताई: बघितलं. केव्हाच गेला असणार. मलाही आतून ठाऊक होतं, म्हणूनच गाठ सोडायचा धीर होत नव्हता. उगाच तुला बोलले.

धाकटा: दे इकडे. येतोय की.

ताई: सकाळपासून सर्दीने नाक चोंदलंय तुझं.

धाकटा: तरी येतोय.

ताई: बरं बाबा, येतोय. डोळे पूस आधी. आणि हा चिकटवू नकोस, तीन बाजूंनी शिव. वरून उघडा राहू दे. आईला आत हात घालता आला पाहिजे.